दृश्य आणि निवाडा : मंच-द्वंद्वाच्या खेळांतील यादृच्छिक बाद-दृश्ये व न्याय्यतेचा प्रश्न

कोणत्याही स्पर्धेच्या खेळात दोन गोष्टी एकमेकींना लागून येतात. पहिली म्हणजे प्रत्यक्ष घडलेली घटना. दुसरी म्हणजे त्या घटनेचे प्रकटीकरण. चेंडूने यष्टी उडवली ही घटना होय. पंचाने बोट वर केले, फलकावरचा आकडा बदलला, प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या, हे सारे प्रकटीकरण होय. मैदानी खेळांच्या नियमकर्त्यांनी ह्या दोहोंमधील अंतर दीर्घ अनुभवाने निरुपद्रवी करून ठेवले आहे. क्रिकेटच्या नियमांनुसार फलंदाज ज्या घटनेने बाद होतो, त्या घटनेच्या क्षणापासूनच चेंडू निर्जीव मानला जातो. पंचाचे बोट वर जाण्यास किती वेळ लागला ह्याला महत्त्व नसते. बुद्धिबळात नियमानुसार मात झाली की डाव तत्क्षणी संपतो. मात देणाऱ्याने घड्याळाची कळ दाबली होती की नव्हती हे पाहण्याचे कारण उरत नाही.

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत मात्र घटना आणि तिचे प्रकटीकरण ही दोन्ही एकाच आज्ञावलीच्या पोटात वसलेली असतात. तेथे चित्र रंगवणारा आणि गुण मोजणारा एकच असतो. त्यामुळे केवळ शोभेसाठी योजलेले एखादे दृश्य नकळत निकालात हस्तक्षेप करू शकते. असे दृश्य जर यदृच्छेने, म्हणजे फासे टाकल्याप्रमाणे, निवडले जात असेल, तर तो हस्तक्षेप अधिकच विचारणीय ठरतो. मंच-द्वंद्वाच्या खेळांत, ज्यांना खेळाडू ‘प्लॅटफॉर्म फायटर’ म्हणतात, हा प्रश्न नेमक्या स्वरूपात उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ ह्या जपानी खेळमालेच्या आधारे त्याचे विवेचन केले आहे.

१. खेळाची घडण

ह्या मालेतील पहिला खेळ हॅल लॅबोरेटरी ह्या संस्थेने मासाहिरो साकुराई ह्यांच्या दिग्दर्शनाखाली तयार केला व निंटेंडो कंपनीने तो १९९९ साली निंटेंडो ६४ ह्या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. त्यानंतर २००१ साली ‘मेली’, २००८ साली ‘ब्रॉल’, २०१४ साली थ्रीडीएस व वी-यू ह्या यंत्रांसाठीची जोड आवृत्ती आणि २०१८ साली ‘अल्टिमेट’ अशा आवृत्त्या निघाल्या. ह्या सर्वांची मूळ घडण एकच आहे.

मुष्टियुद्धाच्या रूढ संगणकीय खेळांत प्रत्येक खेळाडूजवळ शक्तीचा एक साठा असतो व प्रहारागणिक तो घटत जातो. ‘स्मॅश’मध्ये उलट योजना आहे. प्रहार बसला की क्षतीचा टक्का वाढतो, आणि टक्का जितका अधिक तितका पुढचा प्रहार पात्राला दूर भिरकावतो. टक्का वाढल्याने कोणी बाद होत नाही. मंचाच्या चारही बाजूंना, पडद्याच्या कडेपलीकडे, अदृश्य सीमारेषा आखलेल्या असतात. त्यांपैकी एखादी ओलांडून पात्र बाहेर गेले म्हणजे ते बाद होते. प्रत्येक बादाबरोबर एक जीव कमी होतो व जीव शिल्लक असल्यास पात्र थोड्या अवकाशाने मंचाच्या वर एका तरत्या फळीवर परत येते. ह्या वेळी त्याला अल्पकाळ अभेद्यता लाभते, म्हणजे त्याच्यावर प्रहार लागू पडत नाही.

स्पर्धांमध्ये जीवांची संख्या व वेळेची मर्यादा ही दोन्ही ठरवून दिलेली असतात. ‘मेली’च्या स्पर्धांत चार जीव व आठ मिनिटे ही रूढ पद्धत आहे. वेळ संपली आणि निकाल लागला नाही, तर ज्याचे जीव अधिक तो विजयी. जीव समान असल्यास ज्याचा क्षतीचा टक्का कमी तो विजयी, असा सर्वसाधारण नियम आहे. खेळाचे चित्र सेकंदाला साठ फ्रेम ह्या गतीने पुढे सरकते, म्हणजे आठ मिनिटांत २८,८०० फ्रेम होतात. कसलेले खेळाडू एकेका फ्रेमचा हिशेब ठेवून हालचाली बसवतात. ज्या खेळात सेकंदाच्या साठाव्या भागाला मोल आहे, त्यात काही सेकंदांची अनिश्चितता ही क्षुल्लक बाब मानता येत नाही.

२. बादाची दृश्ये

पात्र डाव्या, उजव्या किंवा खालच्या सीमेबाहेर गेले की तेथे प्रकाशाचा झोत उसळतो व बाद तत्काळ नोंदला जातो. ह्याला येथे ‘स्फोट-बाद’ म्हणता येईल. वरच्या सीमेची गोष्ट निराळी आहे. तेथे दोन खास दृश्ये योजलेली आहेत. पहिल्यात पात्र किंचाळत पार्श्वभूमीतील आकाशात दूरदूर जाते, लहान लहान होत शेवटी एका ताऱ्याप्रमाणे लुकलुकते आणि नाहीसे होते. खेळाडूंच्या बोलीत हा ‘स्टार केओ’. येथे त्यास ‘तारा-बाद’ म्हटले आहे. दुसऱ्यात पात्र उलट प्रेक्षकाच्या दिशेने येऊन जणू पडद्याच्या काचेवर आदळते व खाली घसरते. हा ‘स्क्रीन केओ’, अर्थात ‘पडदा-बाद’. २०१४ च्या आवृत्तीपासून वरच्या सीमेवरही साध्या स्फोट-बादाची भर पडली.

ह्या योजनेत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, ही दृश्ये समान लांबीची नाहीत. ताऱ्याचे दृश्य स्फोटापेक्षा स्पष्टपणे अधिक वेळ घेते. दुसरी, वरच्या सीमेवर कोणते दृश्य यावयाचे हे यदृच्छेने ठरते. प्रहार करणाऱ्याला किंवा प्रहार खाणाऱ्याला ते निवडता येत नाही. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, जुन्या आवृत्त्यांत तारा-बादाची नोंद पात्र सीमा ओलांडताना होत नसून दृश्य पुरे होताना होत असे. ह्या तीन गोष्टी व्यवहारात एकत्र येतात म्हणून त्यांचा विचारही एकत्रच केला जातो, आणि त्यातून पुष्कळ गोंधळ होतो. न्याय्यतेच्या दृष्टीने त्यांचे वजन सारखे नाही.

३. यदृच्छेचे दोन प्रकार

खेळात यदृच्छा असली म्हणजे खेळ अन्याय्य झाला, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. यदृच्छा कोठे येते हे पाहिले पाहिजे. सारीपाटात फासे आधी पडतात. दान पाहून कोणती सोंगटी चालवावयाची हे खेळणारा ठरवतो. दान वाईट पडले तरी त्यातल्या त्यात उत्तम चाल शोधण्यास कौशल्याला वाव राहतो. ही कृतीपूर्व यदृच्छा होय. ह्याउलट, चाल केल्यानंतर तिचे फळ काय हे फाशाने ठरत असेल, तर ती कृत्युत्तर यदृच्छा होय. तिच्यापुढे कौशल्य हतबल असते, कारण निर्णय आधीच घेऊन झालेला असतो.

‘स्मॅश’च्या मालेत दोन्ही प्रकार आढळतात. ‘मेली’मध्ये प्रथम आलेल्या मिस्टर गेम अँड वॉच ह्या पात्राच्या एका प्रहारात एक ते नऊ ह्यांपैकी कोणता तरी आकडा निघतो व त्यावर प्रहाराचे बळ ठरते. ही कृत्युत्तर यदृच्छा आहे. पण ते पात्र निवडणाऱ्याने व तो प्रहार वापरणाऱ्याने ती स्वेच्छेने पत्करलेली असते, आणि समोरच्यालाही ती ठाऊक असते. ‘ब्रॉल’मध्ये धावू लागताना पात्र अधूनमधून आपोआप ठेचकाळत असे. ही मात्र कोणीही न पत्करलेली यदृच्छा होती. स्पर्धक तिच्यावर विशेष रुष्ट होते आणि २०१४ च्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली.

बाद-दृश्यांची यदृच्छा ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. सीमा ओलांडली गेली त्या क्षणापर्यंतच्या खेळाच्या दृष्टीने ती कृत्युत्तर आहे. पण बाद झाल्यानंतरच्या खेळाच्या दृष्टीने ती कृतीपूर्व ठरते, कारण पडद्यावर तारा दिसू लागताच उभय खेळाडूंना पुढचा अवकाश किती ते कळते व त्याप्रमाणे त्यांना वागता येते. म्हणून खेळाच्या मध्यावर होणारा परिणाम आणि शेवटी होणारा परिणाम ह्यांचा निरनिराळा विचार करणे आवश्यक आहे.

४. खेळाच्या मध्यावर होणारा परिणाम

एक पात्र आकाशात तारा होऊन जात असता दुसरे मंचावर एकटे असते. हा मोकळा वेळ त्याच्या हाती येतो. काही पात्रांना अशा वेळेचा प्रत्यक्ष उपयोग होतो. डाँकी काँगला आपली जबरदस्त मूठ आवळून ठेवता येते. सामुसला तोफेत पूर्ण भार साठवता येतो. स्फोट-बादाच्या तोकड्या अवकाशात जे अर्धेच साधले असते, ते तारा-बादाच्या अवकाशात पुरे होऊ शकते. उलटपक्षी, ज्या पात्राचे बळ काही काळापुरतेच वाढलेले असते, त्याला तोच अवकाश तोट्याचा ठरतो. ‘अल्टिमेट’मधील क्लाउड ह्या पात्राची भरलेली शक्ती ठराविक वेळात न वापरल्यास ओसरते, प्रतिस्पर्धी आकाशात असताना तिचा काही भाग निष्फळ जातो.

अर्थात लाभ कोणाला हे पात्रांच्या जोडीवर व प्रसंगावर अवलंबून असते. एकाच बाजूला तो सदैव झुकत नाही. शिवाय दृश्य दोघांनाही दिसत असते, आणि परत येणाऱ्याला फळीवर अभेद्यता मिळते. म्हणून खेळाच्या मध्यावर ह्या यदृच्छेने खेळाची परिस्थिती बदलते, परंतु निवाडा बदलत नाही. सारीपाटातील दानाप्रमाणे ती सोसण्याजोगी आहे.

येथे एका वेगळ्या विषमतेचाही उल्लेख केला पाहिजे. पात्रांच्या मुख्य प्रहारांची दिशा सारखी नसते. ‘मेली’मधील फॉक्सचा वरच्या दिशेचा जोरदार तडाखा प्रतिस्पर्ध्याला वरच्या सीमेबाहेर घालवतो, कॅप्टन फाल्कनचा गुडघ्याचा प्रहार बहुधा बाजूच्या सीमेकडे नेतो. परिणामी दृश्यांच्या लांबीचा व यदृच्छेचा भार सर्व पात्रांवर सारखा पडत नाही. ज्याचे बळ वरच्या दिशेला आहे, त्याला बाद-दृश्याच्या फाशाशी वारंवार गाठ घ्यावी लागते. ज्याचे बळ बाजूच्या दिशेला आहे, तो त्यातून बव्हंशी मुक्त असतो. ही विषमता यदृच्छेतून निघालेली नाही, दृश्यांच्या असमान लांबीतून निघालेली आहे. पात्र निवडण्यापूर्वी ती सर्वांना ज्ञात असते, एवढाच तिच्या बाजूने मुद्दा मांडता येतो.

५. दोन निर्णायक प्रसंग

निवाडाच बदलण्याचा प्रसंग कसा येतो हे दोन काल्पनिक उदाहरणांनी स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. नोंद दृश्याच्या अखेरीस होते असे गृहीत धरले आहे, आणि वरच्या सीमेवर लांब व तोकडे अशी दोन दृश्ये शक्य आहेत असे मानले आहे.

पहिला प्रसंग घड्याळाचा. क्ष आणि य ह्या दोन खेळाडूंपाशी प्रत्येकी दोन जीव उरले आहेत. क्ष च्या क्षतीचा टक्का १२० आहे, य चा ९५. घड्याळात ९० फ्रेम, म्हणजे दीड सेकंद, शिल्लक असताना क्ष चा प्रहार बसतो व य वरच्या सीमेबाहेर जातो. तोकडे दृश्य ३० फ्रेमचे असेल तर बाद नोंदला जातो, क्ष चे दोन जीव, य चा एक, क्ष विजयी. पण यदृच्छेने १५० फ्रेमचे तारा-दृश्य निघाले, तर तारा लुकलुकण्यापूर्वीच वेळ संपते. जीव दोन-दोन असे समान राहतात, टक्का पाहिला जातो, आणि जो खेळाडू आकाशात भिरकावला गेला आहे तोच य विजयी ठरतो. दोन्ही वेळा प्रहार तोच, क्षण तोच, स्थानही तेच. निकाल मात्र परस्परविरुद्ध.

दुसरा प्रसंग एकत्र पतनाचा. दोघांचाही शेवटचा जीव आहे. क्ष मंच सोडून बाहेर झेपावतो, य ला वरच्या दिशेने टोलवतो, पण त्याला स्वतःला मंचावर परतता येत नाही. य वरची सीमा ओलांडतो. त्यानंतर ४० फ्रेमनी क्ष खालची सीमा ओलांडतो. सीमा कोणी आधी ओलांडली असे विचारल्यास उत्तर निःसंदिग्ध आहे : य ने. तोकडे दृश्य निघाल्यास खेळही तेच उत्तर देतो. तारा-दृश्य निघाल्यास मात्र क्ष चे पतन खालच्या सीमेवर तत्काळ नोंदले जाते, य अजून आकाशात किंचाळत असतो, आणि क्ष हरतो. प्राण पणाला लावून मारलेली ही झेप शहाणपणाची होती की अविचाराची, हे क्ष ला झेप घेण्यापूर्वी कोणत्याही अभ्यासाने जाणता आले नसते.

अशा प्रसंगी पणाला लागलेले असते ते केवळ पारितोषिक नव्हे. वर्षानुवर्षांच्या सरावाने जे हातात मुरले आहे त्याची परीक्षा घेण्याचे स्पर्धेने मान्य केलेले असते, आणि ऐन वेळी परीक्षा भलत्याच गोष्टीची होते.

६. ‘सरासरीने सारे सारखे होते’ हा युक्तिवाद

ह्यावर एक उत्तर नेहमी दिले जाते : फासा दोघांनाही सारखाच लागू आहे, आज एकाचे नुकसान झाले तर उद्या दुसऱ्याचे होईल, दीर्घ काळात सारे सारखे होते. ह्या युक्तिवादात संख्याशास्त्राचा एक परिचित गैरसमज दडलेला आहे.

वरच्या सीमेवर लांब व तोकड्या दृश्यांची संभाव्यता प्रत्येकी एकद्वितीयांश आहे असे समजू. दोन्ही खेळाडूंचे प्रत्येकी दोन जीव वरच्या सीमेवर गेले, तर दोघांच्या वाट्याला लांब दृश्ये समान संख्येने येण्याची संभाव्यता ३/८ निघते. म्हणजे असमानतेची संभाव्यता ५/८ आहे. प्रत्येकी आठ जीव गेल्यास संपूर्ण समानतेची संभाव्यता आणखी घसरून सुमारे एकपंचमांशावर येते. दोघांच्या लांब दृश्यांच्या संख्येतील फरकाचे प्रमाण विचलन पहिल्या स्थितीत १ आहे, दुसऱ्या स्थितीत २. तात्पर्य, बादांची संख्या वाढली की फरक दर बादामागे कमी होतो, परंतु एकूण फरक कमी होत नाही. तो वाढतच जातो. दीर्घ काळात शून्याकडे जाते ते गुणोत्तर, बेरीज नव्हे.

शिवाय निर्णायक प्रसंग एका सामन्यात एखाददुसराच येतो, बहुतेक सामन्यांत येतही नाही. ज्या घटनेची पुनरावृत्ती होत नाही तिला सरासरीचा दिलासा लागू पडत नाही. अंतिम सामन्यात हरलेल्याला ‘पुढच्या शंभर अंतिम सामन्यांत भरपाई होईल’ असे सांगणे निरर्थक आहे.

७. कोणत्या अर्थाने न्याय्य?

संभाव्यता समान असणे म्हणजेच न्याय्यता, ही कल्पना काही ठिकाणी योग्य असते. जॉन रॉल्स ह्यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या न्यायविषयक ग्रंथात कार्यपद्धतीच्या न्यायाचे भेद केले आहेत. निष्कपट द्यूत हे त्यांच्या मते शुद्ध कार्यपद्धतीच्या न्यायाचे उदाहरण होय : तेथे कार्यपद्धतीहून वेगळा असा योग्य निकालाचा निकष नसतो; रीतीप्रमाणे खेळ झाला की जो निकाल लागेल तो न्याय्य. फौजदारी खटल्याची गोष्ट वेगळी. आरोपीने गुन्हा केला होता की नाही, हा स्वतंत्र निकष तेथे आधीच असतो. कार्यपद्धती त्या सत्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करते व कधी चुकतेही.

मंच-द्वंद्वाचा सामना ह्यांपैकी कोणत्या वर्गात बसतो? ‘कोणाचे पात्र आधी सीमेबाहेर गेले?’ हा प्रश्न फासे टाकल्यावाचून सुटतो. त्याचे उत्तर घटनेतच असते, आणि ते प्रेक्षकांना, खेळाडूंना व खुद्द यंत्रालाही ठाऊक असते. म्हणजे येथे स्वतंत्र निकष आहे. स्वतंत्र निकष असताना यदृच्छेने निवाडा फिरवणे हे द्यूताच्या न्यायाने समर्थनीय ठरत नाही; पुरावा हाती असता नाणे उडवून निकाल देणाऱ्या न्यायाधीशासारखे ते होईल. नाण्याच्या दोन्ही बाजू समतोल होत्या, हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. नाणेफेक सामन्याच्या आरंभी शोभते, कारण तेव्हा ज्याचा निवाडा व्हावा असे काही घडलेलेच नसते.

८. दोष नेमका कोठे?

यदृच्छा आणि नोंदीची वेळ ह्या दोन गोष्टी अलग केल्या म्हणजे चार स्थिती संभवतात. दृश्य ठराविक आणि नोंद सीमेवर, ही पहिली. तीत वादाला जागाच नाही. दृश्य ठराविक पण लांब आणि नोंद दृश्याच्या अखेरीस, ही दुसरी. ती गैरसोयीची असली तरी अंदाजण्याजोगी आहे, कारण शेवटच्या क्षणी वरच्या दिशेने केलेला बाद मोजला जाणार नाही हे सर्वांना आधीच माहीत असेल व खेळाडू त्याप्रमाणे डावपेच आखतील. दृश्य यादृच्छिक पण नोंद सीमेवर, ही तिसरी. तीत फक्त मध्यंतरीचा अवकाश अनिश्चित राहतो, आणि तो सोसण्याजोगा असल्याचे वर दाखवले आहे. दृश्यही यादृच्छिक आणि नोंदही दृश्याच्या अखेरीस, ही चौथी; केवळ तीतच निवाड्याची सोडत होते.

ह्यावरून दिसून येईल की दोष एकट्या यदृच्छेचा नाही व एकट्या लांब दृश्याचाही नाही. दृश्याची अखेर हाच नोंदीचा क्षण मानला गेला, येथे दोष आहे. यदृच्छेने तो उघडकीस आणला इतकेच.

खेळाच्या कर्त्यांनाही ह्या दोषाची जाणीव झालेली दिसते. २०१४ च्या आवृत्तीत वेळेची मर्यादा अगदी संपत आली असता वरच्या सीमेवरील लांब दृश्ये टाळून तत्काळ बाद नोंदण्याची व्यवस्था करण्यात आली. घड्याळाच्या प्रसंगावर हा सरळ उपाय होय. परंतु त्याच आवृत्तीपासून एरवीही वरच्या सीमेवर कधी तारा, कधी पडदा, तर कधी तत्काळ स्फोट असे तीन पर्याय झाले. सर्वांत लांब व सर्वांत तोकड्या दृश्यांतील अंतर त्यामुळे रुंदावले. शेवटच्या क्षणांतील अन्याय दूर झाला, पण मध्यंतरीची अनिश्चितता वाढली. कार्य आणि शोभा ह्यांची फारकत मुळातून न करता प्रसंगापुरती डागडुजी केली की असे होते.

९. आक्षेप व उपाय

ह्या सर्व चर्चेवर एक आक्षेप संभवतो. हा खेळ चार मित्रांनी एकत्र बसून हसतखेळत खेळावा म्हणून निर्माण झाला; ताऱ्याचे दृश्य हा त्यातील गंमतीचा भाग; मोजक्या स्पर्धकांसाठी ती गंमत का घालवावी? ह्या आक्षेपात तथ्य आहे. दिवाणखान्यातील खेळात यदृच्छा नवख्याला आशा देते व जाणत्याला सावध ठेवते. स्पर्धकांनीही खेळाचे हे रूप नाकारलेले नाही. त्यांनी फक्त स्पर्धेपुरत्या मंचावर आपोआप पडणाऱ्या वस्तू बंद केल्या, उपद्रवी मंच वगळले, आणि ‘अल्टिमेट’मध्ये मंचावरील उपद्रव बंद करण्याची सोय खुद्द खेळातच देण्यात आली. ज्याला कळ आहे ते स्पर्धेचे आयोजक बंद करू शकतात. बाद-दृश्याला मात्र कळ नाही. ते आज्ञावलीच्या अंगातच आहे.

पण वरील विवेचन मान्य केल्यास गंमत घालवण्याचे कारणच राहत नाही. पहिला उपाय असा की जीव वजा करण्याचा क्षण सीमा ओलांडण्याच्या फ्रेमशी जोडावा व दृश्य त्यानंतर खुशाल चालू द्यावे. वेळ संपली तरी आकाशातील तारा लुकलुकत राहील, पण तो मोजून झालेला असेल. दुसरा उपाय परतण्याच्या वेळेचा. दृश्य कोणतेही निघो, सीमा ओलांडल्यापासून ठराविक फ्रेमनीच पात्र फळीवर यावे. त्यासाठी सर्वांत लांब दृश्यात मावेल एवढा अवकाश सर्व बादांना, बाजूच्या सीमांवरील बादांनाही, लागू करावा लागेल; खेळ किंचित मंदावेल, पण वर ज्या दिशेच्या विषमतेचा उल्लेख केला तीही त्याबरोबर नाहीशी होईल. हा सौदा पत्करावा की नाही ह्याविषयी मतभेद होऊ शकतात. पहिल्या उपायाविषयी मतभेदास फारसे कारण दिसत नाही.

जुन्या आवृत्त्यांवर आजही स्पर्धा भरतात आणि त्यांची आज्ञावली सहसा बदलता येत नाही. तेथे आयोजकांच्या हाती नियम एवढेच साधन उरते. चित्रमुद्रणावरून सीमा आधी कोणी ओलांडली हे पाहून निकाल देता येईल. परंतु तसा नियम स्पर्धेपूर्वी लेखी जाहीर झालेला असला पाहिजे. प्रसंग घडल्यावर केलेला नियम, तो कितीही शहाणपणाचा असला, तरी एकाला नुकसान सोसायला लावूनच लागू होतो.

हा प्रश्न एका खेळापुरता नाही. जेथे जेथे यंत्र घटना नोंदवते आणि तीच घटना दाखवतेही, तेथे दाखवण्याची सोय नोंदवण्याच्या नियमात शिरण्याचा संभव असतो. क्रिकेटच्या व बुद्धिबळाच्या नियमकर्त्यांनी जो भेद मान्य केला, तोच ह्या नव्या खेळांच्या कर्त्यांनाही उपयोगी पडण्यासारखा आहे : निवाडा सीमेवर व्हावा; दृश्य त्यानंतर आकाशात हवे तितके रंगावे.